बेकारी 3.2 टक्के, मग मी आणि माझ्या घरचे यात नेमके कुठे?

कॉटबेसिस_पुणे

नमस्कार मंडळी. मी केज तालुक्यातला. पदवी झाल्यापासून पुण्यात राहून सरळसेवा आणि एमपीएससीची तयारी करतोय. परवा सराव पेपरात प्रश्न होता: पीएलएफएस (केंद्र सरकारचं श्रमशक्ती सर्वेक्षण) 2023-24 नुसार 15 वर्षांवरील लोकांचा बेरोजगारी दर किती? उत्तर 3.2 टक्के. बरोबर आलं, पण तेव्हापासून तो आकडा डोक्यातून जात नाहीये.

2024 च्या पोलीस भरतीत 17,471 जागांसाठी 17 लाखांवर अर्ज आले. त्याआधी तलाठ्याच्या साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून जास्त. आमच्या अभ्यासिकेत सकाळी सातला गेलं तर टेबल मिळत नाही. आणि देशात शंभरात तीनच बेकार?

माझंच घर घ्या. मी शनिवार-रविवार एका क्लासमध्ये आठवी-नववीला गणित शिकवतो, खोलीभाडं आणि मेसचा थोडा भार निघतो. वडील तीन एकर कोरडवाहू करतात, आई त्यांच्याबरोबर रानात असते. दादा आणि वहिनी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. आमच्या घरात बेकार कोण? मित्र म्हणतात सगळे आकडे खोटे आहेत. मला तसं लगेच म्हणायचं नाही, पण हा आकडा बनतो कसा ते कुणी नीट सांगेल का?

रोखठोक

मित्र बरोबर सांगतात. याच सर्वेक्षणाचा 2017-18 चा अहवाल सरकारने दाबून ठेवला होता, आठवतं का? बेकारी 6.1 टक्के निघाली होती. राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी 2019 मध्ये राजीनामे दिले, अहवाल फुटून वर्तमानपत्रात आला आणि अधिकृतरीत्या बाहेर आला तो निवडणुकीचा निकाल लागल्यावर, मे अखेरीस. अशांवर विश्वास कसा ठेवायचा?

माणदेशी_वही

मी या सर्वेक्षणात कंत्राटावर फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून सातारा-सोलापूर भागात काम केलंय. सविस्तर लिहितो, जरा दम धरून वाचा.

आधी रोखठोक यांना. तुम्ही सांगितलेला घटनाक्रम खरा आहे. पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले, ते बरंच केलं असं माझं मत आहे. पण त्यातून काय सिद्ध होतं ते बघा. अहवाल अडवावा लागला, कारण सर्वेक्षणाने अडचणीचा आकडा काढला होता. तो गावोगाव फिरणाऱ्या लोकांनीच गोळा केला होता आणि 3.2 चा आकडाही त्याच पद्धतीने येतो. आकडा खोटा नाही. तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न लोकांच्या मनातला नाही, खरी गडबड इथे आहे.

आता कॉटबेसिस, तुमच्या घरी जाऊ.

आमच्या टॅबवर प्रत्येक माणसापुढे एक कोड टाकायचा असतो. स्वतःचा धंदा किंवा शेती करणारा 11. घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी हातभार लावणारा 21. पगारी नोकर 31. रोजंदारीवरचा 51. काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे तो 81. शिकतोय तो 91. फक्त घरकाम करणारी 92. यातले फक्त 81 वाले बेरोजगार. काम करणारे आणि हे 81 वाले मिळून श्रमशक्ती. 91 आणि त्यापुढचे सगळे तिच्या बाहेर, म्हणजे हिशेबातच नाहीत.

वडील 11. आईचा कोड ठरवताना खरी कसरत असते. ओट्यावर बसून मी विचारायचो, "मावशी, तुम्ही काय काम करता?" उत्तर ठरलेलं: "काय नाय बाबा, घरीच असते." तेवढ्यावर 92 टाकून उठता येतं आणि घाईत तसं होतंही. पण मग विचारायचं, शेळ्या कोण बघतं? म्हशीची धार कोण काढतं? खुरपायला कोण जातं? "मीच की, दुसरं कोण करणार?" झालं, 92 चा 21 झाला. सर्वेक्षणाच्या लेखी दूध, धान्य, भाजी असलं प्राथमिक उत्पादन घरात खाण्यासाठी असलं तरी ते काम. तीच बाई रानातून जळण गोळा करून आणते, ते मात्र काम धरत नाहीत, तिथे कोड 93. म्हणजे म्हशीची धार काढताना ती कामगार आणि सरपणाची मोळी घेऊन येताना कामाबाहेर. ही रेघ मला कधीच पटली नाही, पण नियम नियम असतो आणि सगळीकडे एकच पाळला तरच तुलना होते.

दादा आणि वहिनी. वर्षाच्या हिशेबात दोघंही रोजगारात. पाच-सहा महिने तोड, नंतर मिळेल ती मजुरी, पाऊस पडला की घरचं रान. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला पहाटे थंडीत फडात उतरणं आमच्या वहीत "नैमित्तिक मजुरी" म्हणून उतरतं. त्यात काम होतं एवढंच कळतं, कसल्या अटीवर होतं ते कळत नाही. हंगामात घराला कुलूप असेल तर नियमाप्रमाणे बदली घर घ्यावं लागतं. आई-वडील घरी असतील तर माहिती तेच देतात.

आणि तुम्ही. तुम्ही सहा महिन्यांहून जास्त काळ पुण्यात आहात, म्हणजे गावच्या घरात तुमचं नाव येणार नाही. वसतिगृहात किंवा लॉजवर राहणाऱ्या प्रत्येकाला आम्ही एकट्याचं कुटुंब मानतो. तुम्हाला पहिला प्रश्न येईल, गेल्या 365 दिवसांत जास्त काळ काय करत होता? "अभ्यास करतोय, शिकतोय" म्हणालात आणि कुठे नाव घातलेलं असेल तर कोड 91, म्हणजे श्रमशक्तीच्या बाहेर. "अर्ज भरतोय, मिळेल ती नोकरी करीन" म्हणालात तर 81, बेरोजगार. पण पुढचा प्रश्न असतो, या काळात 30 दिवस किंवा जास्त दुसरं काही काम केलं का? तुमचे शनिवार-रविवार मिळून ते सहज भरतात. ते दुय्यम काम. बातम्यांत जो 3.2 येतो त्यात मुख्य आणि दुय्यम दोन्ही धरतात, म्हणून तिथे तुम्ही रोजगारात.

याला "नेहमीची स्थिती" म्हणतात. दुसरी मोजणी "चालू साप्ताहिक स्थिती". गेल्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी एक तास काम केलं असेल तरी माणूस रोजगारात. तिथेही तुम्ही रोजगारात. तुमचे रिकामे पाच दिवस दिसतात ते फक्त तिसऱ्या, दैनिक मोजणीत, जिथे अर्ध्या-अर्ध्या दिवसाचा हिशेब मांडतात. ती मोजणी बातमीत येत नाही.

म्हणजे तुमच्या घरात, सर्वेक्षणाप्रमाणे, बेकार कुणीच नाही.

हा एक तासाचा नियम आपल्या सरकारने काढलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची व्याख्या आहे आणि तिच्यामागे कारण आहे. राष्ट्रीय उत्पन्नात त्या एका तासाचं उत्पादन धरलं जातं, मग ते करणारा माणूसही कुठेतरी धरला गेला पाहिजे. पगारी नोकऱ्यांच्या देशात हे बऱ्यापैकी चालतं, कारण तिथे नोकरी असते किंवा नसते. आपल्याकडे तसं नाही, हे आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. 1970 साली दांतवाला समितीने सांगितलं की शेती आणि घरगुती धंद्यांच्या देशात बेकारीचा एकच आकडा काढून भागणार नाही, वेगवेगळ्या बाजूंनी मोजा. या तीन मोजण्या त्यातूनच आल्या आणि 1972-73 च्या फेरीत पहिल्यांदा वापरल्या गेल्या. नेमकं तेच आमच्या माणदेशात दुष्काळाचं वर्ष. माणसं खडी फोडत होती आणि वि. स. पाग्यांची रोजगार हमी त्याच काळात उभी राहत होती. खडी फोडणाऱ्या माणसाला "तू बेकार आहेस का" विचारून काय कळणार होतं? काम मागायला किती जण येतात, हे जास्त खरं मोजमाप होतं.

समितीने तीन मोजण्या सांगितल्या, आणि आपण पन्नास-पंचावन्न वर्षांनंतरही मथळ्यात एकच छापतो. मला राग येतो तो याचा.

आश्विनी_खानापूर

माणदेशी, तुमचा ओट्यावरचा प्रसंग वाचला आणि थांबले. मी बी.ए. झालेली, लग्नानंतर सासरी चार म्हशी. पहाटे पाचला धार, शेण, वैरण, डेअरीला दूध, मग स्वयंपाक, परत संध्याकाळी तेच. दहा दिवसांनी दुधाचं बिल सासऱ्यांच्या खात्यावर येतं. मला त्यातून काही मिळतं ते मागितल्यावर. आता तुम्ही सांगता की मी रोजगारात आहे. बायकांचा सहभाग वाढला असं टीव्हीवर अभिमानाने सांगतात, त्यात मी आहे का?

माणदेशी_वही

ताई, हो, त्यात तुम्ही आहात.

15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता, 2023-24 मध्ये 41.7 झाला. एवढी उडी सहा वर्षांत. ग्रामीण भागात तर 24.6 वरून 47.6. पण त्याच अहवालात पुढे तक्ता असतो, कोण कसल्या कामात. काम करणाऱ्या बायकांमध्ये एक तृतीयांशाहून जास्त तुमच्यासारख्या, कोड 21 वाल्या, बिनपगारी. एकूण काम करणाऱ्यांत स्वयंरोजगारवाले 52.2 वरून 58.4 टक्क्यांवर गेले, पगारी नोकरीवाले 22.8 वरून 21.7 वर उतरले. शेतीवर असलेल्यांचा वाटा 44.1 वरून 46.1 झाला. विकसित होणाऱ्या देशात शेतीतला वाटा कमी होत जायला हवा, इथे तो वाढला. कोरोनात शहरातून गावी परतलेल्यांमुळे त्यातला काही भाग असेल, पण टाळेबंदी उठून इतका काळ गेल्यावरही तो खाली आला नाही.

त्यातली किती वाढ खरी आणि किती आधी 92 लिहिलं जायचं ते आता खोदून विचारून 21 लिहिलं गेल्यामुळे? माझ्या अनुभवाने दोन्ही आहे. प्रशिक्षणात यावर भर दिल्यावर आम्ही जास्त विचारायला लागलो. तुमचं काम आधीही होतंच, ते आता कागदावर दिसतं, आणि ते दिसलंच पाहिजे. फक्त त्याला "रोजगारनिर्मिती" म्हणू नये.

अमेरिकेत घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्याने आठवड्याला 15 तास काम केलं तरच त्याला रोजगारात धरतात. आपल्याकडे एक तास पुरतो. तुमचे तास बघता तुम्ही तिथेही धरल्या गेला असता, पण अनेक जणी नसत्या.

म्हापशेकर

गोव्यातून लिहितोय. 2023-24 च्या अहवालात आमच्या राज्याचा बेकारी दर 8.5 टक्के, राज्यांमध्ये सगळ्यात वर. केरळ 7.2. आणि मध्य प्रदेश 1.0, झारखंड 1.3. दरडोई उत्पन्नात गोवा देशात अगदी वरच्या रांगेत. बाहेरचा माणूस हे वाचून चक्रावतो.

इथे राहणाऱ्याला ते कळतं. आमच्या वाड्यावर पदवी झालेला मुलगा दोन-तीन वर्षं घरी थांबतो, सरकारी खात्यात जागा निघायची वाट बघतो. घर स्वतःचं, वडिलांना पेन्शन किंवा थोरला भाऊ आखातात, बोटीवर नाहीतर लंडनला. त्याला हॉटेलात प्लेटा उचलायच्या नाहीत, आणि न उचलता भागतं. तो खराखुरा "काम शोधतोय" आहे. खाणी 2012 ला आणि पुन्हा 2018 ला बंद पडल्या तेव्हा ट्रकवाले, बार्जवाले घरी बसले, ते दुःख वेगळं. पण आजच्या 8.5 मध्ये बराच भाग या थांबू शकणाऱ्या मुलांचा आहे. झारखंडमधून इथे बांधकामावर आलेल्या मजुराला एक दिवसही थांबून चालत नाही. म्हणून त्याच्या राज्यात बेकारी कमी.

माणदेशी_वही

म्हापशेकरांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. घरात चूल पेटायची असेल तर माणूस बेकार राहूच शकत नाही, काहीतरी करतो. वडापावची गाडी लावतो, भावाच्या रानात जातो, दुसऱ्याच्या रिक्षावर बसतो. म्हणून 15 ते 29 वयोगटात दर 10.2 टक्के निघतो आणि पुढच्या वयात घसरतो. लग्न झालं, पोरं झाली की वाट बघणं संपतं. नोकरी लागली म्हणून तो आकडा उतरतो, असं समजू नका.

कॉटबेसिस_पुणे

इतकं कुणीच शिकवलं नव्हतं. दोन शंका. एक, आता दर महिन्याला 5.1, 5.2 असे आकडे येतात. म्हणजे 3.2 वरून बेकारी वाढली? आणि सीएमआयई सात-आठ टक्के सांगते ते काय? दुसरी, यातून टक्के कळतात, पण लाखांत-कोटींत किती नोकऱ्या वाढल्या ते कुठे बघायचं?

माणदेशी_वही

नाही, वाढली असं म्हणता येत नाही. 3.2 हा नेहमीच्या स्थितीचा, जुलै 2023 ते जून 2024 या वर्षाचा. मासिक आकडे साप्ताहिक स्थितीचे, मे 2025 पासून यायला लागले, पहिला एप्रिल 2025 चा 5.1. साप्ताहिक स्थितीने मोजलं तर 2023-24 लाही दर 4.9 होता. शिवाय जानेवारी 2025 पासून सर्वेक्षणाचा आराखडाच बदलला: नमुना अडीच पटीहून मोठा केला, दर वस्तीत 8 ऐवजी 12 घरं, आणि तेच घर सलग चार महिने भेटायचं, ग्रामीण भागातसुद्धा. त्यामुळे आधीच्या आकड्यांशी जोडून रेघ ओढू नका. हेच 2011-12 च्या 2.2 टक्क्यांचं आणि 2017-18 च्या 6.1 चं. "45 वर्षांतली सर्वाधिक बेकारी" हा मथळा गाजला, पण पीएलएफएसमध्ये घरं निवडतानाच घरात दहावी झालेले किती हे बघायला सुरुवात झाली होती. बेकारी वाढली नव्हती असं माझं म्हणणं नाही, वाढलीच होती. पण दोन्ही आकडे एकाच मापाचे नव्हते.

सीएमआयई खाजगी संस्था, तिची व्याख्या वेगळी. मुलाखतीच्या दिवसाच्या आसपास माणूस काय करत होता हे ती बघते, म्हणून ती दैनिक मोजणीच्या जवळ जाते. तिच्याकडे बायकांचा सहभागही फार कमी निघतो, कारण कोड 21 सारखं काम त्यात सहजी बसत नाही. दोन्ही आपापल्या जागी उपयोगी आहेत, फक्त एकाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकून वाद जिंकता येत नाही.

बातमी आली की बेकारी दर शेवटी वाचा. 2023-24 चं घेऊ. 15 वर्षांवरच्या शंभर माणसांत 60 श्रमशक्तीत, 58 कामात, उरले जेमतेम दोन. नेमकं सांगायचं तर 1.9 ला 60.1 ने भागलं की तो 3.2 येतो. म्हणजे बाहेरची 40 माणसं कोण, आणि कामातली 58 कसल्या कामात, हे विचारल्याशिवाय त्या दोघांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. मग पगारी नोकऱ्यांचा वाटा बघा. आणि पगारी म्हणजे पक्की असंही नाही, बिगरशेती पगारदारांपैकी निम्म्याहून जास्त जणांकडे नोकरीचा लेखी करार नाही.

कोटींचं सांगतो. सर्वेक्षण प्रमाण देतं, माणसं मोजत नाही. कोटींत आकडा हवा तर ते प्रमाण लोकसंख्येला लावावं लागतं आणि आपली शेवटची जनगणना 2011 ची. मधल्या वर्षांची लोकसंख्या अंदाजाने धरतात. अंदाज थोडा वर-खाली केला की लाखो "नोकऱ्या" वाढतात किंवा नाहीशा होतात, आणि त्या वाढीव रकमेत आश्विनीताईंच्या म्हशीही असतात. ईपीएफओचे (भविष्य निर्वाह निधी संघटनेचे) आकडे दाखवून कुणी नव्या नोकऱ्या मोजत असेल तर तेही तपासा. आधीपासून कामावर असलेल्याचा पीएफ आता कापायला लागला तरी तो तिथे नवा सभासद दिसतो. नोकरी पक्की झाली ही चांगली गोष्ट, पण नोकरी नवी नाही. जिल्ह्याजिल्ह्यांची बेकारी दाखवणारे जुने तक्ते व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ते तर पुढे पाठवूच नका. पीएलएफएसचा जुना आराखडा जिल्ह्याचा दर काढण्यासाठी बनवलेलाच नव्हता.

पुढची जनगणना 2027 ला आहे. ती होईपर्यंत टक्क्यांवरच राहा, आणि कुणी कोटीत बोललं की कोणती लोकसंख्या धरली ते आधी विचारा. सर्वेक्षणाचा घरनिहाय कच्चा डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, नावं-पत्ते काढून. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातल्या 21 ते 30 वयाच्या पदवीधरांचे कोड वेगळे काढून बघा. एक्सेल जड पडेल, आर किंवा पायथन येणारा मित्र शोधा. प्रत्येक घराला दिलेला भार, म्हणजे ते एक घर किती घरांच्या वतीने धरलंय तो आकडा, लावायला विसरू नका, तो न लावता काढलेली टक्केवारी चुकीची येते. अडलात तर इथेच विचारा, मी रात्री नऊनंतर असतो.